काळोख करायची नळी

जुन्या टीव्हीतून काढलेला फोटोडायोड (उजेड पडला की प्रवाह सोडणारा भाग) किंवा दिवेलागणीला आपोआप पेटणाऱ्या दिव्यातला एलडीआर (उजेडात रोध घटणारा रेझिस्टर) चालू आहे की गेला, हे घरच्या घरी तपासता येते. वीतभर पीव्हीसी पाइप घ्या. एका टोकाला एक पांढरा आणि एक ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड देणारा, एलईडी बसवा, प्रत्येकाला ४७० ओहमचा रेझिस्टर. दुसऱ्या टोकाला तपासायचा भाग. तो भाग आणि आणखी एक रेझिस्टर ९ व्होल्टच्या बॅटरीला ओळीने जोडा, आणि त्या रेझिस्टरवरचे व्होल्ट मल्टिमीटरवर वाचा. एलईडी पेटवल्यावर हा आकडा चढला आणि काळोखात पडला, तर भाग चालू. एलडीआरला १० किलोओहम, फोटोडायोडला १ मेगाओहम. फोटोडायोड मात्र उलटा जोडायचा, कॅथोड धन टोकाकडे.

उजेड पाडणे सोपे आहे, कसब काळोख करण्यात. गोव्याच्या उन्हात पांढऱ्या पाइपमधून उजेड सरळ आत झिरपतो. काळे प्लॅस्टिकही भरवशाचे नाही. डोळ्यांना ते काळे दिसले तरी काही जातींतून अवरक्त किरण आरपार जातात, रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरचे काळे आवरण तर मुद्दामच तसे असते. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली की प्रश्न मिटतो. १८७३ साली सेलेनियमचा रोध उजेडात घटतो हे विलोबी स्मिथ या इंग्रज विद्युत अभियंत्याने कळवले, तेव्हा त्याच्याकडेही सरकत्या झाकणाची पेटीच होती.

दोन एलईडी कशाला? कॅडमियम सल्फाइडचा एलडीआर ५४० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या डोळ्यांसारखाच, हिरव्या उजेडाला जास्त दाद देतो. अवरक्त उजेडात तो ढिम्म हलत नाही आणि उगाच भंगारात जातो. बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड ९०० नॅनोमीटरजवळ सर्वांत तरतरीत. एलडीआर सुस्तही असतो. दिवा मालवल्यावर दहा सेकंद थांबूनच त्याचा आकडा घ्यावा.

पावसाळ्यात वेगळीच गंमत. चांगल्या बीपीडब्ल्यू ३४ मधून काळोखात साधारण २ नॅनोअँपिअर प्रवाह गळतो, म्हणजे मीटरवर जेमतेम २ मिलिव्होल्ट. जुलैतल्या दमट हवेत भाग खोचायच्या सॉकेटवर ओलाव्याचा थर बसून १०० मेगाओहमची वाट तयार झाली, तर मीटर ९० मिलिव्होल्टच्या आसपास दाखवेल आणि दोष बिचाऱ्या डायोडवर येईल. म्हणून आधी रिकाम्या सॉकेटचा आकडा घ्यायचा. तो शून्यापाशी नसेल तर सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण सुकवून, मगच डायोड खोचायचा.