श्रवणपरीक्षेतील तुलना आणि विरोध

परकीय भाषेच्या परीक्षेत ध्वनिमुद्रण ऐकताना दोन गोष्टींतला कमीअधिकपणा किंवा दोन माणसांतला मतभेद टिपण्याचे कौशल्य. मुंबईत इंग्रजीची आयईएलटीएस, काळा घोडा भागातील मॅक्स म्युलर भवनात होणाऱ्या जर्मन परीक्षा किंवा जपानीची जेएलपीटी देणाऱ्यांची त्याच्याशी हमखास गाठ पडते.

आयईएलटीएसच्या श्रवणचाचणीत ४ भाग व ४० प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. तुलना सर्वांत दाट असते ती तिसऱ्या भागात, कारण तिथे विद्यार्थी अभ्यासाविषयी आपसांत किंवा शिक्षकांशी चर्चा करतात. जर्मनच्या बी१ म्हणजे मधल्या पातळीच्या परीक्षेतील श्रवणाच्या चौथ्या भागात सूत्रसंचालक आणि दोन पाहुणे बोलतात. ८ विधानांपैकी कोणते कोणाचे, हे सांगायचे असते. इथे ध्वनिमुद्रण दोनदा मिळते, तरी गोंधळ होतोच, कारण पाहुणे एकमेकांचे आधी मान्य करतात आणि मग हळूच फिरतात. ‘त्स्वार’ हा जर्मन शब्द ऐकू आला की ‘हे खरं, पण...’ असे काही येणार, हे ओळखून सावध राहावे. जेएलपीटीच्या वरच्या पातळ्यांत अनेकांची मते ऐकून त्यांची तुलना करावी लागते.

नेहमीचा सापळा साधा आहे. बोलणारा नाकारलेला पर्याय आधी उच्चारतो: बसने जाणार होतो, पण मेट्रो बरी पडली. घाईतला परीक्षार्थी ‘बस’वर खूण करून मोकळा होतो. दुसरा सापळा शब्द बदलण्याचा: प्रश्नात ‘चीपर’, तर कानावर येते ‘नॉट ॲज एक्स्पेन्सिव्ह ॲज’.

मराठी कानाची अडचण थोडी वेगळी आहे. ‘ठाण्यापेक्षा दादर जवळ’ यात विशेषण बदलत नाही. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’वर असतो. जपानी ‘योरी’ तसाच नामामागे येतो, म्हणून ती रचना मराठी माणसाला परकी वाटत नाही. इंग्रजीत मात्र हे काम ‘चीपर’चा शेवट आणि ‘दॅन’ करतात, आणि ओघात दोन्हींचा उच्चार पुसट होतो. विरोधाचेही तसेच. मराठीत ‘मी मंगळवारीच म्हणालो’ असा ‘च’ लागतो. इंग्रजी वक्ता नुसता ‘ट्यूजडे’वर जोर देतो. तो जोर न कळलेल्याला वाक्य कळते, दुरुस्ती कळत नाही.

अनेक क्लासांत ‘हाउएव्हर’, ‘व्हेअरॲज’ अशा शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात. व्याख्यान ऐकताना त्या उपयोगी पडतात. गप्पांत मात्र विरोध बहुधा ‘बट’, ‘ॲक्च्युअली’ किंवा क्षणभराच्या थांबण्यातून येतो, आणि तिथे यादी तोकडी पडते. त्यापेक्षा कागदाचे दोन रकाने करून प्रत्येकावर बोलणाऱ्याचे आद्याक्षर लिहावे, मत बदलले की आधीची खूण खोडावी. सरावाला दोघा-तिघांची शांत मुलाखत बरी. वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा नकोत, तिथे सगळे एकदमच बोलतात.