मांजराचा डबा

मांजराला प्रवासात न्यायला दुकानदाराने दोन कॅरिअर पुढे ठेवले. एक पाठीवर घ्यायची सॅक, तिला मधोमध अंतराळवीराच्या हेल्मेटसारखा पारदर्शक फुगा. दुसरा साधा राखाडी प्लास्टिकचा डबा. घरच्यांचं मत फुग्याला, मांजराला बाहेरचं बघायला मिळेल म्हणून. मी डबा घेतला आणि आठवडाभर बोलणी खाल्ली.

फुग्यातून ऊन आत शिरतं, आतलं सगळं तापतं, पण गरम झालेली हवा चार-सहा भोकांतून पुरेशी बाहेर पडत नाही. काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीची जी गत, तीच इथे. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. अंग थंड करायला तो पुरत नाही. कुत्रा निदान धापा टाकून ओल्या जिभेवरून उष्णता घालवतो, तेही दमट हवेत नीट जमत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर पाणी डोक्यावरून चाललंय समजा. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर श्वासाचीच मारामार.

आणि बाहेर बघायची हौस आपली, त्याची नव्हे. अनोळखी जागी मांजराला आधी दडायला जागा लागते. नेदरलँड्समधल्या प्राण्यांच्या एका निवाऱ्यात नव्या मांजरांना लपायला खोकी दिली, तर ती बिनखोक्याच्या मांजरांपेक्षा लवकर रुळली. हा अभ्यास २०१४ चा. म्हणून भिंती अपारदर्शक, हवेला दोन-तीन बाजूंनी जाळी आणि वरून टाकायला पातळ चादर.

मापात मात्र बहुतेक जण फसतात. मांजराला उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं की बास. मोठा डबा म्हणजे जास्त सुख, हे गाडीत खरं नाही. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर चार किलोच्या मांजरावर सरासरी ५७ किलोच्या पोत्याएवढा भार येतो. आत मोकळी जागा असेल, तर डबा थांबतो, मांजर थांबत नाही, आणि समोरच्या भिंतीवर आपटतं. बेताच्या डब्यात ते डब्याबरोबरच थांबतं. डबा मांडीवर किंवा पुढच्या सीटवर नको. पुढच्या सीटच्या पाठीमागे, खाली पाय ठेवतो तिथे घट्ट बसवावा.

डबा प्रवासाच्या दिवशीच माळ्यावरून काढला, की मांजर पलंगाखाली! २०१८ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी काही मांजरांना आधी कॅरिअरची सवय लावली. गाडीत ती बाकीच्यांपेक्षा शांत राहिली. आमचा डबा सोफ्याशेजारी उघडाच असतो, आत बोक्याचा जुना टॉवेल. गाल घासून घासून त्याने तो स्वतःच्या वासाचा करून टाकलाय.

परवा डॉक्टरांनी चार कड्या सोडवून वरचं झाकण उचललं. बोका खालच्या अर्ध्या भागात टॉवेलवर तसाच बसून राहिला आणि सुई टोचून झाल्यावर त्याने डोळे उघडले.