शंखजिऱ्याच्या शेगडीला पावसाळा बाधतो

पोदेर, म्हणजे गोव्यातला पाव भाजणारा, आधी भट्टीत लाकडं जाळतो, निखारे बाजूला ओढतो आणि मग भिंतींत मुरलेल्या उष्णतेवर पाव भाजतो. सोपस्टोनच्या, म्हणजे शंखजिऱ्याच्या दगडाच्या शेगड्या याच तत्त्वावर चालतात. दार आणि धुराडं असलेल्या या शेगड्या घर उबदार ठेवण्यासाठी, मूळच्या थंड मुलखातल्या. पूर्व फिनलंडमध्ये या दगडाच्या मोठ्या खाणी आहेत. गोव्यात अशी शेगडी एखाद्या हौशी घरातच सापडेल. पण ती असेल, तर फिनलंडमधली देखभालीची रीत इथे पुरत नाही.

दगडाची काळजी मात्र फारशी करावी लागत नाही. यातलं मुख्य खनिज टाल्क, सगळ्यात मऊ. म्हणून तर बेलूर-हळेबिडूच्या देवळांवर इतकं बारीक कोरीवकाम होऊ शकलं. पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असलेला हा दगड साध्या विटेपेक्षा कितीतरी भराभर उष्णता आत पसरवतो. एक बाजू तापलेली आणि दुसरी थंड, अशी ओढाताण त्यात कमी होते आणि तो सहसा तडकत नाही. असा २०० किलो दगड १०० अंशांनी तापवला, तर त्यात विजेच्या साधारण साडेपाच युनिटांइतकी ऊर्जा साठते. रात्री विस्तव विझला तरी तो सकाळपर्यंत कोमट राहतो. मऊपणामुळे एकच पथ्य: तारेचा ब्रश लावू नये. ओरखडा गेलाच, तर बारीक पॉलिश पेपरने निघतो.

खरं दुखणं सांध्यांत असतं. काळोखात पेटता टॉर्च शेगडीच्या आत ठेवून दार लावा आणि बाहेरून फिरून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा आत शिरते, विस्तवावरचा ताबा जातो आणि लाकूड भसाभस जळतं. वरवरची केसाएवढी रेघ चालेल, उजेड आरपार येणारी फट बुजवायलाच हवी. पण साध्या सिमेंटने नको. आपल्याकडचे गवंडी तेच उचलतात, आणि पहिला हिवाळा ते टिकतंही. सिमेंट घट्ट होताना त्यात चुना तयार होतो. ४०० ते ५०० अंशांना त्यातलं पाणी उडून कळीचा चुना उरतो. मग जून येतो. किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. तो चुना दमट हवेतलं पाणी पुन्हा ओढतो, फुगतो आणि सांधा भुगा होऊन गळतो. भट्टीसाठीचं उष्णतारोधक सिमेंट महाग पडलं तरी तेच आणावं.

दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली, तर दाराच्या कडेची फट बंद करणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, दबली आहे, बदला.

राखेचंही असंच. हंगामात तळाशी दोन-तीन सेंटीमीटर राख राहू द्यावी, निखारे तग धरतात. मात्र पावसाळ्यापूर्वी एकूण एक राख काढावी. लाकडाच्या राखेतले पोटॅशचे क्षार दमटपणा शोषतात आणि जाळीच्या लोखंडाला ओल धरून ठेवतात. चतुर्थीपर्यंत गंजाचे पापुद्रे सुटू लागतात. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवावी, कारण आतले निखारे दोन-तीन दिवससुद्धा धगधगत राहू शकतात.

धुराडं दसऱ्यानंतर, शेगडी पेटवण्याआधी बघावं. पावसात बंद पडलेल्या नळीत गांधीलमाश्या आणि पाखरं घरं करतात. आतल्या भिंतीवर डांबरासारखी चकचकीत काजळी ३ मिलिमीटर झाली असेल, तर साफ करून घ्या. धुराड्याला आग लागते ती याच थरामुळे. धूर साधारण १२० अंशांखाली गेला की त्यातली वाफ आणि तेलकट द्रव्यं नळीला चिकटतात, आणि ओल्या लाकडाचा धूर थंडच असतो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे अडीच हजार किलोज्यूल खर्ची पडतात, तेवढी उष्णता दगडापर्यंत पोचतच नाही. लाकडात २० टक्क्यांपेक्षा कमी पाणी हवं. ओल मोजणारा मीटर स्वस्तात मिळतो.

आंबा, काजू चालतील. करवंट्या फार तापतात, थोड्याच घालाव्यात. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड फुकट असलं तरी नको: त्यातल्या मिठाचं क्लोरीन लोखंड आणि धुराडं खातं, शिवाय विषारी धूर करतं.

पहिला विस्तव लहानच करा. सांध्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा मागतं. दोन-तीन दिवस थोड्याशा काटक्यांवर शेगडी हळूहळू सुकू द्यावी आणि नंतरच मोठी लाकडं लावावीत.