खोक्यामागचा बारीक आकडा : घरगुती वॉकी-टॉकीच्या फ्रिक्वेन्सी आल्या कुठून?

आमच्या घरात वॉकी-टॉकीची पहिली जोडी आली ती न्यू जर्सीहून. आतेभावाने मुलांसाठी आणली होती. खोक्याच्या दर्शनी बाजूला किती मैल आवाज पोचेल याचा ठसठशीत आकडा, आणि मागे बारीक अक्षरात ४६२ व ४६७ मेगाहर्ट्झ. मुलांनी मैल वाचले. वाचायला हवे होते मेगाहर्ट्झ. अमेरिकेत हा सेट कुणीही दुकानातून उचलावा आणि बोलायला लागावं. भारतात त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायला परवाना लागतो.

हा फरक समजायला दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं. कॅनडात डॉनल्ड हिंग्ज यांनी १९३७ मध्ये दुर्गम भागातल्या वैमानिकांसाठी उचलून नेता येईल असा रेडिओ केला होता. अमेरिकेत अल ग्रॉस हा तरुण त्याच सुमारास तेच करत होता. पण सैन्यात मोठ्या संख्येने गेले ते गॅल्विन कंपनीचे, म्हणजे पुढच्या मोटोरोलाचे सेट. हातात धरायचा एससीआर-५३६ सव्वादोन किलोंच्या आसपास होता. अँटेना ओढून बाहेर काढली की सुरू, आत ढकलली की बंद. त्याला म्हणायचे हँडी-टॉकी. वॉकी-टॉकी हे नाव खरं तर पाठीवर वागवायच्या, सुमारे सोळा किलोंच्या एससीआर-३०० चं. आज ते हातातल्या सेटला चिकटलं आहे.

युद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ मध्ये, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की रेडिओवर बोलण्याची सोय सामान्य नागरिकालाही असावी, आणि त्यासाठी ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा काढून ठेवला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. सरकार, सैन्य आणि जहाजं यांच्यापलीकडे घरातल्या माणसालाही हवेतली थोडी जागा मिळाली. अडचण एवढीच, की त्या काळच्या व्हॉल्व्हना, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्यांना, इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालवणं महाग पडायचं. म्हणून १९५८ मध्ये नागरिकांना खाली, २७ मेगाहर्ट्झवर, आणखी एक पट्टा दिला. हाच तो सिटिझन बँड, सीबी.

सीबी स्वस्त होता, पण त्याचे दोन त्रास होते. तीनशेला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. २७ ला ती ११ मीटर येते. अँटेना चांगली चालायला तिचा चौथा भाग लागतो, म्हणजे पावणेतीन मीटर. हातातल्या सेटला एवढी काठी कुठून लावणार? दुसरा त्रास आकाशातून यायचा. सूर्यावरची हालचाल वाढली की या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात, आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसाऐवजी हजारो किलोमीटरवरचा अनोळखी आवाज कानात घुसतो. त्यात १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकवाल्यांनी आणि मग सगळ्यांनीच सीबी घेतले. १९७७ मध्ये चॅनेल २३ चे ४० करावे लागले, तरी गर्दी होतीच.

तोवर ट्रान्झिस्टर पुढे गेले होते, आणि वरच्या फ्रिक्वेन्सी स्वस्तात वापरता येऊ लागल्या होत्या. १९९६ मध्ये आयोगाने फॅमिली रेडिओ सर्व्हिस मंजूर केली. नावातच कुटुंब. अर्धा वॉट ताकद, १४ चॅनेल, परवाना नाही, आणि जागा पुन्हा त्याच जुन्या नागरिकांच्या पट्ट्यात, ४६२ आणि ४६७ वर. तिथे लहरीचा चौथा भाग होतो जेमतेम १६ सेंटीमीटर. आमच्या जोडीवरची रबरी अँटेना वीतभरही नाही ती यामुळेच. २०१७ मध्ये चॅनेल २२ झाले आणि काहींवर दोन वॉटपर्यंत मुभा मिळाली.

युरोपने १९९८ मध्ये आपली जागा ठरवली ती ४४६ वर. अमेरिकेत ४२० ते ४५० हा भाग हॅम, म्हणजे परवाना काढून बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणून युरोपचा सेट तिथे परवान्याशिवाय चालत नाही. अमेरिकेचा युरोपात चालत नाही.

आणि आपण? आपल्याकडे दीर्घकाळ चालले ते १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा, दोन्ही ब्रिटिश अमलातले. साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टातून लायसन्स काढणारी पिढी अजून घराघरांत आहे. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या सेटना परवान्यातून सूट दिली. म्हणजे आपण युरोपच्या वाटेने गेलो. सूट मिळाली तरी त्या मॉडेलला सरकारची ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, लागतेच. ऑनलाइन दुकानांत ही माहिती न देताच सेट विकले जात होते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

तेव्हा घरासाठी सेट घेताना आधी ४४६ बघा, मग ईटीए विचारा. मैलांचा आकडा सोडून द्या. या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात. राजगडाच्या संजीवनी माचीवरून समोर तोरणा उघडा दिसतो, तिकडे आवाज जायला मध्ये काही नाही. पण एक जण संजीवनीवर आणि दुसरा सुवेळा माचीवर असेल, तर मध्ये बालेकिल्ल्याचा अख्खा कातळ उभा. अंतर त्या मानाने किरकोळ, तरी अर्ध्या वॉटचा आवाज तुटतो. अशा वेळी बॅटरीला दोष न देता दहा-वीस पावलं सरकून उघड्यावर यायचं.

आणि मेनूमधल्या ‘प्रायव्हसी कोड’वर विसंबू नका. त्याने फक्त तुमच्या सेटला इतरांचे आवाज ऐकू येत नाहीत. तुमचं बोलणं त्या चॅनेलवरच्या कुणालाही ऐकू जातं. घर रिकामं आहे, किल्ली कुठे ठेवली आहे, हे त्यावर बोलायचं नाही, एवढं मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.