घर विकत घ्यायचं, पाडून टाकण्यासाठी

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचं शहर आहे. तिथल्या काही जुन्या वस्त्यांमधून ओढ्याच्या कडेने चालत गेलं, की मधेच घरांची रांग तुटते. दोन घरांच्या मध्ये मोकळी हिरवळ लागते. सावलीसाठी कुणीतरी लावलेली मोठी झाडं तिथे अजून उभी असतात, पण ज्या ओसरीवर ती सावली पडायची ती ओसरी नसते. इथली घरं पुराने वाहून नेलेली नाहीत. मेक्लेनबर्ग काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या स्थानिक सरकारने, ती मालकांकडून बाजारभावाने विकत घेतली, रीतसर खरेदीखत केलं आणि मग बुलडोझर लावून पाडली. १९९९ पासून अशी चारशेहून अधिक घरं घेऊन झाली आहेत.

सरकारने लोकांची घरं पैसे मोजून घ्यायची आणि लगेच जमीनदोस्त करायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण खरेदी घराची नसतेच. घेतली जाते ती नदीची किंवा ओढ्याची जागा.

नदी म्हणजे दोन काठांमधलं पाणी, ही आपली समजूत नदीच्या उन्हाळ्यातल्या रूपावरून झालेली असते. काठाबाहेरचा सपाट पट्टा नदीनेच गाळ टाकून घडवलेला असतो आणि पाणी वाढलं की ती तिथे पसरते. पसरलेल्या पाण्याची खोली कमी असते, गवता-झुडपांत त्याचा वेग मोडतो, काही पाणी जमिनीत मुरतं. म्हणून खाली पोचणारा लोंढा उशिरा आणि बसक्या उंचीने पोचतो. हा पट्टा बांधून काढला, की पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि ते वर चढतं. छपरं, डांबर आणि काँक्रीट वाढेल तसा पाऊस मुरायचा थांबतो. तासाभरात ओढ्यात येणारं पाणी वीस मिनिटांत येऊ लागतं. शार्लटचे ओढे कोरड्या दिवशी ओलांडता येतील एवढे लहान, पण १९९५ आणि १९९७ साली वादळांच्या पावसाने त्यांनीच शहराचे हाल केले. त्यानंतर काउंटीने पूरनकाशे नव्याने काढले आणि एक शहाणपणाची गोष्ट केली: आज किती बांधकाम आहे यावर न थांबता, पुढे वरच्या भागात सगळं बांधून झाल्यावर पाणी कुठवर येईल, तेही नकाशावर दाखवलं.

नकाशावरच्या या रेषा आपल्याकडेही आहेत. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी जेवढी फसगत केली आहे, तेवढी क्वचितच कुठल्या शास्त्रीय संज्ञेने केली असेल. एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी बघू, असं ऐकणाऱ्याला वाटतं. खरा अर्थ एवढाच, की दरवर्षी त्या पुराची शक्यता १ टक्का. मागच्या वर्षी पूर आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. आता ३० वर्षांचं गृहकर्ज काढून त्या रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत असा एक तरी पूर घरात शिरण्याची शक्यता २६ टक्के निघते; म्हणजे चारात एक. रेषेच्या आत, नदीजवळ, हा आकडा भराभर वाढतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा कृष्णा ती पातळी कितीतरी ओलांडून गावात आली. ज्यांच्या भिंतीवर या तीन खुणा आहेत, त्यांना संभाव्यतेचं गणित शिकवायला नको.

घरात पाणी शिरल्यावरचं नुकसान मात्र सरळ रेषेत वाढत नाही. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्याची आणि आतून जिप्समच्या तक्त्यांची. पाणी उंबऱ्यापर्यंत आहे तोवर खर्च जवळजवळ शून्य. उंबरा ओलांडला की तळाची फरशी, तक्ते, भिंतीतलं उष्णतारोधक आवरण, वायरिंग सगळं एकदम जातं. तक्ता पाणी शोषून वर ओढतो आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरते. त्यामुळे पहिल्या एक-दोन फुटांतच नुकसानाचा मोठा वाटा होऊन जातो. पाण्याची खोली आणि नुकसान यांचे आलेख अभियंत्यांकडे तयार असतात, आणि घर घ्यायचं की नाही याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

पैसे मुख्यतः केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडून, म्हणजे फेमाकडून येतात. मोठी आपत्ती जाहीर झाली, की मदतीच्या रकमेच्या ठराविक टक्क्यांइतका वेगळा निधी पुढचं नुकसान टाळण्यासाठी राज्याला मिळू शकतो. १९९३ साली मिसिसिपी आणि मिसूरी नद्यांना महापूर आला, त्यानंतर कायदा बदलून अशा कामांच्या खर्चातला केंद्राचा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत नेला गेला. इलिनॉयमधलं व्हालमायर हे गाव तर त्या पुरानंतर जवळजवळ अख्खंच जवळच्या उंच कड्यावर जाऊन वसलं. खर्चातले उरलेले २५ टक्के राज्याने किंवा स्थानिक सरकारने घालायचे. घरमालकाला थेट अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने नगरपालिकेने किंवा काउंटीने राज्याकडे आणि राज्याने फेमाकडे जायचं. विक्री पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर. ‘नाही देत’ म्हटलं तर विषय संपला, भूसंपादनाचा बडगा दाखवता येत नाही. किंमत बहुधा पुराच्या आधीच्या बाजारभावाने ठरते, मात्र दुरुस्तीसाठी मिळालेले विम्याचे पैसे त्यातून वजा होतात. त्या पैशांतून खरंच दुरुस्ती केली असेल तर पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

अनुदान मिळायचं तर टळणारं नुकसान खर्चाहून जास्त आहे, हे दाखवावं लागतं. या हिशेबाची गंमत एका काल्पनिक घरावर बघू. दर दहा वर्षांनी येणाऱ्या पुरात ३० हजार डॉलरचं आणि शंभर वर्षांतल्या पुरात १ लाखाचं नुकसान होतं असं धरा. ढोबळमानाने वर्षाकाठी सरासरी ३,००० अधिक १,००० म्हणजे ४,००० डॉलर. जागा कायमची मोकळी होणार, म्हणून फायदा पुढच्या १०० वर्षांचा मोजायचा. सरळ गुणाकार केला तर ४ लाख होतील. पण अर्थशास्त्री उद्याच्या रुपयाला आजचा रुपया मानत नाहीत. पुढच्या प्रत्येक वर्षाच्या रकमेला कात्री लागते. या कात्रीचा दर अमेरिकी सरकारने बराच काळ ७ टक्के धरला होता. त्या दराने तीस वर्षांनंतरच्या १०० डॉलरच्या नुकसानीची आजची किंमत फक्त १३ डॉलर उरते, आणि आपल्या घराचा एकूण फायदा जेमतेम ५७ हजार भरतो. घर १ लाखाचं असेल तर प्रस्ताव फेटाळला जाईल. २०२४ मध्ये फेमाने हाच दर ३.१ टक्क्यांवर आणला. त्या दराने फायदा १ लाख २२ हजारांच्या वर जातो आणि प्रस्ताव मंजूर. घर तेच, नदी तीच, पाऊसही तोच. पूरग्रस्ताचं भवितव्य नदीइतकंच या एका टक्केवारीवर ठरतं, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पचायला जड गेलं. नकाशातल्या धोक्याच्या पट्ट्यात असलेल्या आणि ठराविक किमतीच्या आत बसणाऱ्या घरांना मात्र हा सगळा हिशेब माफ असतो. २०२१ मध्ये ही सरासरी मर्यादा ३ लाख २३ हजार डॉलर ठेवली होती.

हिशेब जमला तरी घड्याळ जमत नाही. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने २०१९ मध्ये फेमाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुरापासून खरेदीचा प्रकल्प बंद होईपर्यंत निम्म्या प्रकरणांत पाच वर्षांहून जास्त काळ गेल्याचं दिसलं. अर्ज, छाननी, पर्यावरण आणि ऐतिहासिक वारशाची तपासणी, मूल्यांकन, मालकी हक्काची शहानिशा, खरेदीखत. पण बुरशी दोन दिवसांत येते. शाळा दोन आठवड्यांत सुरू होते. बँकेचा हप्ता तर पूर ओसरायचीही वाट बघत नाही. मग माणूस काय करतो? विम्याचे पैसे आले की तक्ते बदलतो, रंग मारतो आणि परत राहायला येतो. किंवा एखाद्या गुंतवणूकदाराला पडेल भावात घर देऊन निघून जातो, आणि तो गुंतवणूकदार ते भाड्याने लावतो. अनुदान मंजूर होऊन येतं, तेव्हा ज्या माणसासाठी ते मागितलं तो तिथे नसतो. या योजनेचं शास्त्र पक्कं आहे, पैसाही बऱ्यापैकी आहे. तिचं घोडं अडतं ते वेळेपाशी.

शार्लटचं वेगळेपण इथे आहे. तिथे दर मालमत्तेकडून पावसाच्या पाण्याची पट्टी घेतली जाते, आणि ती आकारली जाते छप्पर, काँक्रीट, डांबर अशा पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रफळावर. जो ओढ्यात जास्त पाणी लोटतो, तो जास्त भरतो. हा पैसा काउंटीच्या हाताशी असतो. त्यामुळे केंद्राच्या अनुदानाबरोबरच, मोठी आपत्ती जाहीर न झालेल्या लहानसहान पुरांनंतरही, मालक दुरुस्तीला लागण्याआधीच काउंटी त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवू शकते. कुठलं घर आधी घ्यायचं, याची गुणांकनावर लावलेली यादीही पूर यायच्या आधीच तयार असते.

यादी लागतेच, कारण सुटी-सुटी घरं घेऊन फारसं साधत नाही. एक विकतो, शेजारचा थांबतो, पलीकडचा विकतो. बुद्धिबळाच्या पटासारखी वस्ती तयार होते. राहिलेल्या तीन घरांसाठी रस्ता, गटार, दिवे सगळं चालू ठेवायचं, घरपट्टी मात्र तिघांचीच, वर मोकळ्या भूखंडांवरचं गवत कापायचा खर्च. आणि ओढ्याला हवी असते सलग जागा. ब्रायर क्रीक या ओढ्याकाठी वारंवार बुडणारा डोरल-कॅव्हेलियर हा भाड्याच्या सदनिकांचा समूह काउंटीने घेऊन पाडला, तेव्हा अशी जागा मिळाली. तिथे आता ओढ्याचा प्रवाह दुरुस्त करून पाणथळ जागा तयार केल्या आहेत. अर्थात भाडेकरूंना ‘मर्जी’ नसते. विकायचं की नाही हे मालक ठरवतो. त्यांच्यासाठी स्थलांतराची मदत कायद्याने द्यावी लागते.

कुणाला हा मार्ग मिळतो, हाही प्रश्न आहे. १९८९ ते २०१७ मधल्या फेमाच्या ४३ हजारांहून अधिक खरेदींचा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आला. त्यात दिसलं, की खरेदीच्या योजना राबवतात त्या तुलनेने सधन, दाट वस्तीच्या काउंट्या. आणि त्यांच्या हद्दीत घरं घेतली जातात ती गरीब भागातली. यातला पहिला भाग समजायला सोपा आहे. शेकडो पानांचा अर्ज भरायला, २५ टक्के हिस्सा उभा करायला कचेरीत माणसं लागतात. लहान गावात एकच कारकून जन्म-मृत्यूची नोंदही बघतो आणि नळाची तक्रारही. दुसऱ्या भागाचे मात्र दोन अर्थ निघतात: गरिबांना सुटकेची संधी मिळाली, किंवा हलवायला तेच सोपे होते.

व्यवहार झाला, की ९० दिवसांत घर पाडायचं असतं. खरेदीखतात अट नोंदवली जाते: ही जमीन कायमची मोकळी राहील. पुढे मालकी कुणाकडेही गेली तरी अट जमिनीबरोबर जाते. बाग चालते, पायवाट चालते, पाणथळ चालते. चारी बाजूंनी उघडा मांडव चालतो. सार्वजनिक शौचालयही चालतं. घर चालत नाही.