पडद्यावर चित्र काढायचं कोणी?

१९८४च्या नाताळाच्या सुमारास केंब्रिजमधल्या ‘बॅरन ऑफ बीफ’ पबमध्ये घरगुती कॉम्प्युटर बनवणारे सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी ख्रिस करी यांना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने बडवलं. निमित्त होतं एका जाहिरातीचं. करींच्या एकॉर्न कंपनीने तिच्यात सिंक्लेअरच्या कॉम्प्युटरांच्या बिघाडांवर बोट ठेवलं होतं. करी तसे घरचेच. १९६६पासून ते सिंक्लेअर यांच्याकडे होते. १९७८मध्ये बाहेर पडून त्यांनी हर्मन हाउझर यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली.

हा किस्सा ब्रिटनमध्ये अजून चवीने सांगतात. मला त्याहून रंगतदार वाटतं ते दोघांच्या यंत्रांमधलं भांडण.

हे कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडायचे. त्या काळचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा नव्याने रंगवायचा, आणि प्रत्येक वेळी काय रंगवायचं हे कॉम्प्युटरने सांगावं लागे. त्यासाठी वेगळं सर्किट द्यायचं तर पैसे पडत. सिंक्लेअर यांनी १९८०च्या झेडएक्स-८०मध्ये प्रोसेसरलाच, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपलाच, त्या कामाला जुंपलं. परिणाम असा, की आकडेमोड सुरू झाली की पडदा कोरा! साधी कळ दाबली तरी चित्र लुकलुकायचं. पुढच्या वर्षीच्या झेडएक्स-८१ने तोड काढली: चित्राच्या वर-खाली ज्या रिकाम्या पट्ट्या असतात, त्या रंगवल्या जात असताना प्रोग्राम चालवायचा. चित्र टिकलं, पण वेग साधारण एक चतुर्थांशावर आला. मात्र अख्खं यंत्र मोजक्या चार-पाच चिपांवर उभं होतं, मेमरी फक्त १ किलोबाइट आणि किंमत ६९.९५ पौंड. त्या काळी ही कमालच होती.

तेवढ्यात बीबीसीला आपल्या संगणक-साक्षरता मालिकेसाठी एक यंत्र हवं झालं, आणि दोघेही त्यामागे लागले. एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आठवड्याभरात नमुना जोडला, पण तो काही केल्या चालेना. बीबीसीची माणसं यायला काही तास उरले असताना हाउझर म्हणाले, शेजारच्या यंत्रातून घड्याळाचा (चिपांना ताल देणारा) संकेत आणणारी तार तोडून तर बघा. तोडली, आणि बोर्ड चालू झाला. बीबीसीचं काम एकॉर्नला मिळालं.

एकॉर्नने इथे पैसा मेमरीवर ओतला. प्रोसेसरला लागते त्याच्या दुप्पट वेगाची रॅम घेतली. एक पाळी प्रोसेसरची, पुढची चित्राची, कोणी कोणासाठी थांबायचं नाही. यंत्राचं नाव बीबीसी मायक्रो. त्याच्या मॉडेल-बीची किंमत ठरली ३३५ पौंड आणि लवकरच ती ३९९वर गेली. तरी बीबीसी मायक्रो पंधरा लाखांच्या वर खपले. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून ते आपल्याकडच्या शाळांतही आले.

सिंक्लेअर यांचं उत्तर म्हणजे एप्रिल १९८२चा ‘स्पेक्ट्रम’ हा रंगीत चित्राचा कॉम्प्युटर, १२५ पौंडांपासून. चित्राचं काम आता वेगळ्या चिपकडे होतं, पण ती मेमरी वाचत असताना प्रोसेसरने तिथे हात घातला की त्याला थांबवून ठेवायची. ४८ किलोबाइटवाल्या यंत्रात गेम लिहिणारे म्हणूनच वेगाने चालायला हवा तो भाग, चित्राची चिप जिथे फिरकत नसे त्या वरच्या मेमरीत ठेवत.

वर्तमानपत्राच्या त्या मारामारीनंतर दोन-तीन महिन्यांतच इटलीच्या ऑलिव्हेत्ती कंपनीने एकॉर्नमध्ये ४९.३ टक्के वाटा घेतला. १९८६मध्ये सिंक्लेअर यांचा कॉम्प्युटरचा धंदा ॲमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांत उचलला. दरम्यान, एप्रिल १९८५मध्ये, विल्सन-फर्बर यांचा पहिला एआरएम प्रोसेसर चालू झाला होता. फर्बर तो किती वीज खातो हे मोजू लागले, तर मापक शून्यावर. मुख्य वीज जोडायचीच राहिली होती. संकेतांच्या तारांतून झिरपेल तेवढ्या विजेवर चिप सुखेनैव काम करत होती. आज तुमच्या-माझ्या मोबाइलमधला प्रोसेसर बहुतेक याच घराण्यातला असतो.