पंढरपूरचं दार आणि 'येथे' या शब्दाचा घोळ

विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेव पायरी आणि तिच्या समोरच अस्पृश्य मानलेल्या महार जातीतल्या संत चोखोबांची समाधी, वारीला गेलेल्या प्रत्येकानेच बघितलीय. ती समाधी दाराबाहेर आहे. जिवंतपणी आत जाऊ दिलं नाही आणि मंगळवेढ्याहून आणलेल्या अस्थींनाही जागा मिळाली ती उंबऱ्याच्या अलीकडेच.

संतांचा काळ सगळ्यांना तोंडपाठ आहे, तो सोडून देऊ. खरा घोळ आहे तुकोबांच्या "सकळांसी येथे आहे अधिकार" मधल्या 'येथे' चा. येथे म्हणजे नामस्मरणात, असं धरलं की मग चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडतात, वय-जात न बघता समोरच्याला माऊली म्हणतात, आणि गाभाऱ्याचा विषयच निघत नाही. शेकडो वर्षं हाच अर्थ सोयीचा पडला, अगदी १९५० च्या आसपाससुद्धा एकाच दिंडीत जेवायच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसायच्या. दुसरा अर्थ, येथे म्हणजे विठ्ठलाच्या पायापाशी. मला हाच पटतो, कारण ज्या देवाच्या पायावर थेट डोकं टेकवता येतं हीच ज्याची ओळख, त्याच्या दारात माणूस अडवून 'तुझी भक्ती पोचली' कसं म्हणायचं?

दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी १९३८ चा कायदा होता, पण मंदिर उघडायचं की नाही हे विश्वस्तांच्या मर्जीवर. म्हणून खानदेशात शिकवलेले साने गुरुजी आधी कित्येक महिने गावोगाव हिंडले, लोकांना समजावलं, आणि १ मे १९४७ ला पंढरपुरातच एका मठात उपोषणाला बसले. दहा दिवस. शेवटी १० मे ला मंदिर खुलं करायचं ठरलं, आणि त्याच वर्षी आलेल्या कायद्याने प्रवेश हा हक्कच झाला. पण तेवढ्यात काही पुजाऱ्यांनी मंत्र म्हणून विठ्ठलाचं तेज घागरीत काढून घेतलं असं सांगतात. म्हणजे दार उघडलं तरी देव आत नाही! हे ऐकलं की अजून पोटात कालवतं.

तोवर उशीरही झाला होता, ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यातल्या लाखोंनी १९५६ पासून बुद्धाची वाट धरली आणि पायरीवर ताटकळणारी भक्ती नको म्हणाले, त्यात त्यांचं काय चुकलं.

मग पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा १९७३ चा पंढरपूर मंदिर कायदा, त्यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी, आणि जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टात परंपरागत पुजाऱ्यांचा दावा फेटाळला गेला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सगळ्या जातींचे आणि बायकांचेही अर्ज मागवले.